अण्णांची थंडी सुटली

आम्ही मिशिगनमधलं ॲन आर्बर सोडून फ्लोरिडातल्या टँपाला चाललो आहोत हे कळल्यावर प्रत्येकाने पहिलं वाक्य तेच उच्चारलं: "चला, अण्णांची थंडी सुटली." इंडियन दुकानात भेटलेल्यांनी म्हटलं, शेजारच्या गोऱ्या बाईंनी त्यांच्या भाषेत म्हटलं, आणि साताऱ्याच्या माझ्या आत्येबहिणीने, जिने मिशिगन नकाशावरही कधी शोधलेलं नाही, तिनेही फोनवर तेच म्हटलं. इतकं एकमत मी मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत कधी पाहिलं नव्हतं. हळूहळू आम्हीही ते वाक्य वापरू लागलो. खरं कारण असं, की माझ्या बायकोला टँपाच्या एका इस्पितळाच्या संशोधन विभागात वरची जागा मिळाली होती. पण बढतीसाठी गाव सोडतोय असं सांगण्यापेक्षा म्हाताऱ्या वडिलांच्या गुडघ्यांसाठी सोडतोय असं सांगणं जास्त शोभतं. माझा प्रश्नच नव्हता. मी घरून काम करतो, विमा कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या कामाला हवामान नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर ते आमच्याकडे आले आणि राहिले. टँपाचं त्यांना कोणी विचारलं नाही, फक्त सांगितलं. जेवताना बायकोने सगळं नीट समजावलं. तिथे बर्फ नाही, समुद्र आहे, घरात जिना नाही, पाठीमागे तळं आहे. अण्णांनी भाताचा घास संपवला आणि म्हणाले, "बरं."

ज्याने उभी हयात जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात काढली, त्याचं 'बरं' ही पोच असते, संमती नव्हे. हा फरक मला माहीत होता. मी भाजी वाढून घेतली.

अण्णांची नोकरी बांधकाम खात्यात होती, पण जीव व्याख्यानमालेत होता. आमच्या साताऱ्यात दर उन्हाळ्यात वाचनालयाच्या मैदानात व्याख्यानं व्हायची आणि अण्णा त्या मालेचे कार्यवाह होते. विषय कोणताही असो. रशियातली शेती, संतांची शब्दकळा, मधुमेह, अंतराळ. लोक सतरंजीवर बसून सगळं सारख्याच गांभीर्याने ऐकायचे आणि शेवटी अण्णा उठून आभार मानायचे. मंडपवाल्यापासून माइकवाल्यापर्यंत. ॲन आर्बरला आल्यावर त्यांना शोध लागला की इथलं विद्यापीठ म्हणजे बारा महिने चालणारी व्याख्यानमाला आहे, फुकट आहे, आणि शेवटी बिस्किटंही देतात. त्यात ज्येष्ठांना सिटी बसही फुकट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बस थांबायची. त्यानंतर आम्ही अण्णांना फक्त जेवायला भेटत होतो.

ते रोज बाहेर पडत. हिवाळ्यात आत लोकरीची बंडी, वर स्वेटर, वर माझा जुना जाडा कोट, बुटांना बर्फासाठी खिळ्यांचे पट्टे, डोक्यावर विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची टोपी. फुटबॉल त्यांनी कधी पाहिला नाही, टोपी त्यांना बसमध्ये कोणाची तरी विसरलेली मिळाली होती. एका हिवाळ्यात ते घसरून पडले, कंबर काळीनिळी झाली. बायकोने आठवडाभर बाहेर जायला बंदी केली. दोन दिवसांनी सूनबाई, हा अण्णांचाच शब्द, कामावरून आल्या तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि अण्णा हिमनद्यांवरच्या व्याख्यानाला गेले होते.

पहिल्या रांगेत बसायचं आणि शेवटी प्रश्न विचारायचा हा त्यांचा नियम. इंग्रजी ऑफिसातल्या टिपणासारखं, पण स्पष्ट. रात्री जेवताना ते आम्हाला परीक्षण ऐकवत.

"आज बायझंटाइन नाणी. बाई विद्वान आहेत, पण पडद्याकडे तोंड करून बोलतात."

"काय कळलं, अण्णा?"

"कळायला कशाला हवं? ऐकलं."

हे सगळं इतकं सविस्तर सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यात पणाला लागली ती एकच गोष्ट होती. ऐंशी ओलांडलेल्या एका माणसाला कोणाला न विचारता, स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडता येतं का, एवढीच. तेव्हा आम्हाला ती दिसत नव्हती. आम्हाला थर्मामीटर दिसत होता.

निरोप समारंभ एका शाळेच्या कॅफेटेरियात झाला. मंडळाचा निरोप समारंभ म्हणजे सत्कारच असतो, फक्त सत्कारमूर्ती त्यानंतर खरोखरच निघून जाते. मंडळाच्या माजी अध्यक्षांचं भाषण होतं. त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांच्याच वयाचेही म्हणतात. काकांनी स्थलांतर या विषयावर आर्यांपासून सुरुवात केली. ते सिंधू ओलांडून खाली येईपर्यंत मुलांनी समोसे संपवले. मग आम्हाला शाल आणि नारळ दिला. शाल लोकरीची होती, जाड, उत्तम प्रतीची, फ्लोरिडाला निघालेल्या माणसांसाठी खास निवडलेली. नारळ दुकानातून आणलेला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, फ्लोरिडाचा पत्ता चिकटवलेला. माझ्याखेरीज तो पत्ता कोणी वाचला नसावा.

"आता अण्णांनी दोन शब्द बोलावेत," काका म्हणाले, "आणि आम्हाला आशीर्वाद द्यावेत. अण्णा, मजा आहे बुवा तुमची. आम्ही इथं बर्फावर फावडं मारणार आणि तुम्ही तिथं वाळूत पाय पसरून बसणार."

अण्णांनी माइक हातात घेऊन तपासला, जणू विकत घ्यायचा आहे. म्हणाले, "सर्वांचे आभार. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला नाही, परंतु जेवण वेळेवर आहे. माझ्याकडून एवढंच."

लोक हसले. मीही हसलो. पुढे पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं की त्या माणसाने ॲन आर्बरबद्दल, टँपाबद्दल, जाण्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

सामान गेल्यावर मी रिकाम्या घरातून एकदा फिरलो. या घरात मुलगी लहानाची मोठी झाली, याच घरात मी आईच्या जाण्याचा फोन घेतला. काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाचलेल्या पुस्तकांत घर सोडणाऱ्या माणसांना काही ना काही वाटतंच, निदान दोन पानं. मी प्रत्येक खोलीत थोडा थांबलो, वाटण्याला संधी दिली. तळघरात ओल होती. वरच्या खोलीत भिंतीवर मुलीच्या पोस्टरच्या चिकटपट्टीचे डाग होते. मी दिवे बंद केले. गाडीत बायको म्हणाली, "रडलास का?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मीही नाही. रात्री रडू बहुतेक." रात्री मोटेलमध्ये आम्ही दोघं लगेच झोपलो.

टँपाची आमची वसाहत कुंपणातली आहे. प्रवेशद्वाराशी दगडी कमान, दोन्ही बाजूंना कारंजी, मधे कोरलेलं नाव, एखाद्या संस्थानिकाची स्वारी येणार असावी असा थाट. आत सगळी घरं एकाच रंगाच्या तीन छटांमध्ये. मागच्या तळ्याकाठी पाटी आहे की पाण्यात मगरी असू शकतात, पोहू नये, त्यांना खायला घालू नये. घराला जाळी लावलेली प्रशस्त पडवी आहे. हवा गरम आणि ओली, अंगावर कोणी नुकताच वापरलेला टॉवेल टाकावा तशी. म्हणून दारं-खिडक्या बंद आणि एसी चालू. मिशिगनमध्ये आम्ही सहा महिने थंडीमुळे कोंडून घ्यायचो, इथे उकाड्यामुळे कोंडून घेतो. फरक एवढाच, की इथे काचेतून जे दिसतं त्याचे फोटो चांगले येतात. बायकोने ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. साताऱ्याहून हात जोडलेली चित्रं आली. "अण्णा स्वर्गात."

दुसऱ्याच दिवशी सकाळी अण्णा बूट घालून निघाले. मी खिडकीतून पाहत होतो. कमानीपर्यंत फूटपाथ होता. कमानीबाहेर तो दहा पावलं गेला आणि गवतात संपला. पुढे सहा पदरी रस्ता. अण्णा गवतात थोडा वेळ उभे राहिले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. एक मोठी पिकअप हॉर्न देत गेली. ते परत आले. शर्ट पाठीला चिकटला होता.

"बस कुठून लागते रे?"

मी फोनवर पाहिलं. बस होती, पण तिच्यापर्यंत गाडीने जायला हवं होतं.

"मी सोडत जाईन ना, अण्णा," मी म्हटलं. "मी घरीच तर असतो. कुठं जायचं ते फक्त सांगायचं."

"कुठं जायचं ते इथून निघाल्यावर ठरतं," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बरं."

आम्ही त्यांना नेलं नाही असं नाही. देवळात नेलं, समुद्रावर नेलं, लायब्ररीत नेलं. मराठी मंडळ इथेही आहे, तिथे नेलं. पण नेलेला माणूस परत आणावा लागतो, आणि परत आणणाऱ्याच्या मीटिंगा असतात. अण्णा आधी विचारायचे, "तुला वेळ आहे का?" मग विचारायचे, "तुझं काही काम असेल तिकडे तर मी येतो." मग विचारेनासे झाले. समुद्र त्यांनी पाहिला. चप्पल हातात घेऊन वाळूत थोडे चालले, पाणी पाहिलं, म्हणाले, "छान आहे. मोठा आहे." पुन्हा न्यायला सांगितलं नाही. ते पडवीत बसू लागले. पुस्तक मांडीवर, नजर तळ्यावर. मगर काही आली नाही.

मी शेजारच्या खोलीत काम करत होतो. मधलं दार उघडंच असायचं. दिवसभरात आम्ही एकमेकांना बऱ्याचदा "चहा?" असं विचारायचो. मला वाईट वाटत होतं असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला बरंवाईट काहीच वाटत नव्हतं. बायको नव्या कामात बुडाली होती, संध्याकाळी थकून यायची. तिघं जेवायचो. जेवताना पूर्वी परीक्षण चालायचं तिथे आता एसीचा आवाज ऐकू यायचा. कोणी विचारलं तर आम्ही सांगायचो, "अण्णा मस्त आराम करताहेत."

मुलगी शिकागोला नोकरी करते. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला आली. एक दिवस आजोबांजवळ पडवीत बसून राहिली आणि मग माझ्या खोलीत येऊन तिने मागे दार लावलं.

"बाबा, ही इज नॉट रेस्टिंग."

"मग काय करताहेत?"

"आय डोन्ट नो. वेटिंग?"

"कशाची?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की उत्तर इंग्रजीत असो की मराठीत, ऐकायची मला इच्छा नव्हती. मी म्हटलं, शिकागोला आता बर्फ पडला असेल. ती म्हणाली, "येस बाबा, आय लिव्ह देअर."

डिसेंबरात टपालाने एक रंगीत आमंत्रण आलं. पासष्टच्या पुढच्या नागरिकांसाठी माहितीपर व्याख्यान, एका हॉटेलच्या हॉलमध्ये, सोबत मोफत दुपारचं जेवण. फ्लोरिडात अशी आमंत्रणं रोज येतात आणि लोक ती न वाचता टाकतात. अण्णांनी ते वाचलं. पूर्ण वाचलं, मागची बारीक छपाईसुद्धा. मग कित्येक महिन्यांनी प्रथमच म्हणाले, "गुरुवारी तुला वेळ आहे का? व्याख्यान आहे."

विषय पाहून मी म्हटलं, "अण्णा, हे विकणारे लोक असतात. हे व्याख्यान नव्हे."

"प्रत्येक वक्ता काहीतरी विकतोच," अण्णा म्हणाले. "इस्त्रीचा शर्ट कुठं आहे?"

विषय होता स्वतःच्या अंत्यसंस्काराचं आगाऊ नियोजन.

हॉलमध्ये गोल टेबलं मांडलेली. पांढऱ्या केसांची माणसं, वॉकर भिंतीला टेकवलेले. अण्णा सरळ पुढच्या टेबलाशी गेले. शाकाहारी म्हटल्यावर त्यांना कोशिंबीर आणि पाव मिळाला. वक्ता तिशीतला, उन्हाने तांबूस, दात फार चांगले. पडद्यावर एकामागून एक सूर्यास्त. आपल्या माणसांवर ओझं टाकू नका, असं त्याचं म्हणणं होतं. सगळं आधीच ठरवून ठेवा, म्हणजे मनःशांती. मनःशांती हा शब्द त्याच्या प्रत्येक सूर्यास्तावर होता. लोक मासा खात होते. माझ्या मनात आलं की अण्णा आता दुखावतील, मुलगा शेजारी बसलाय आणि समोर हे. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते आमंत्रणाच्या मागे मुद्दे टिपून घेत होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर व्याख्यान ऐकतानाचा तो भाव दिसला.

प्रश्न आहेत का, असं त्याने सवयीने विचारलं. अण्णा उभे राहिले.

"माझ्या प्रश्नाचे दोन भाग आहेत," ते इंग्रजीत म्हणाले. "पहिला. राख समुद्रात सोडायची तर किनाऱ्यापासून किती आत, हे कोण ठरवतं? दुसरा. मनःशांती आपण वारंवार म्हणालात. ती कोणाची? कारण ज्याचं नियोजन आहे तो तेव्हा हजर नसेल."

हॉलमध्ये काट्याचमच्यांचा आवाज थांबला. मागून कुठल्या तरी म्हातारीने "गुड फॉर हिम" म्हटलं. वक्ता म्हणाला, ग्रेट क्वेश्चन सर. मग म्हणाला की त्याचं उत्तर तो नंतर वैयक्तिक भेटीत देईल. आणि तो पडदा बंद करणार तेवढ्यात अण्णा पुन्हा उठले आणि जे साताऱ्याला दर वर्षी करत आले ते त्यांनी केलं. आभार मानले. श्रोत्यांच्या वतीने, वक्त्याचे, हॉटेलच्या व्यवस्थापनाचे, वाढणाऱ्या मुलींचे आणि यंत्र चालवणाऱ्याचे. यंत्र वक्ता स्वतःच चालवत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्याख्यानाला वाजवल्या नव्हत्या.

वक्त्याची समजूत झाली की हे गृहस्थ आता सही करणार. तो कागद घेऊन टेबलाशी येऊन बसला. त्याला काय कल्पना, की ज्यांच्या सभेत आभारप्रदर्शन हा शेवट असतो त्यांच्यातला हा माणूस आहे. आभार मानून झाले म्हणजे वक्त्याने जायचं असतं.

"पुढचं व्याख्यान कधी?" अण्णांनी त्याला विचारलं.

"पुढच्या गुरुवारी, सर. इथेच."

"विषय?"

"हाच, सर."

"हाच?"

"यस सर. दर गुरुवारी हाच."

अण्णांनी पेन खिशाला लावलं. "थँक यू," म्हणाले.

 गाडीत सिग्नलला थांबलो तेव्हा अण्णा म्हणाले, "तयारीने आला नव्हता तो. पण त्याची चूक नाही. इथं विषय एकच आहे."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न दिला. मी गाडी काढली.

"मला परत जायचंय," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, साताऱ्याला. मी मनात हिशेब करू लागलो, तिथे कोण बघेल, आत्येबहीण आहे, तिचे गुडघे. म्हटलं, "अण्णा, इंडियात आता एकट्याने..."

"इंडियात कशाला? तिथं कोण उरलंय? ॲन आर्बरला."

"तिथं तर तुम्हाला थंडी..."

"थंडी तुम्हाला वाजायची रे. मला कोट होता."

"पडलात तर?"

"पडलो तर पडलो. तिथं पडायला तरी बाहेर जात होतो." मग म्हणाले, "रागावून नाही म्हणत. घर तुमचं छान आहे. समुद्र छान आहे. मला फक्त इथून जाता येत नाही कुठं."

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती हातातली पर्ससुद्धा खाली न ठेवता ऐकत राहिली.

"एकटे? त्या थंडीत? शक्य नाही."

"त्यांची इच्छा आहे."

"त्यांची इच्छा आहे हे तू किती जणांना सांगत फिरशील? लोक म्हणतील, हिच्या नोकरीसाठी टँपाला गेले, हिने सासऱ्यांना बर्फात पाठवून दिलं. तुला काय होतंय. मुलाला कोणी काही म्हणत नाही. म्हणतात ते सुनेला."

हे खरं होतं.  काकांचा फोन तर दोनच दिवसांत आला. मुलीने तिच्या मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने आईला, आई मंडळाची खजिनदार. "मी ऐकलं ते खरं नाही ना?" काका म्हणाले. "अहो, लोक आई-वडिलांना इकडून तिकडे नेतात, तुम्ही उलटी गंगा कुठं वाहवताय?" मी म्हटलं, विचार चालू आहे. ते म्हणाले, "आपल्यात असं करत नाहीत." ॲन आर्बरमध्ये मराठी माणसांच्या तीन पिढ्या झाल्या, तरी आपल्यात काय करतात हे काकांना विचारावं लागतं.

शेवटी प्रश्न अण्णांनीच सोडवला. रविवारी सकाळी पोहे खाताना सुनेला म्हणाले, "एक विचारू?"

"विचारा ना, अण्णा."

"तुला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून मी पडवीत बसायचं, असं आहे का? असेल तर सांग. बसतो. माझी हरकत नाही. फक्त कशासाठी बसलोय ते माहीत असावं."

 बायको लिंबाची फोड पोह्यांवर पिळत राहिली, त्यातून काही येत नव्हतं तरी. मग म्हणाली, "अण्णा, हे चीटिंग आहे."

"आहे थोडं," अण्णा म्हणाले.

"गळ्यात ते इमर्जन्सीचं बटण घालायचं. अंघोळीलासुद्धा काढायचं नाही."

"बरं."

"नुसतं बरं नको. तुमचं बरं मला माहितीय."

"घालीन. शब्द देतो."

ॲन आर्बरला ज्येष्ठांच्या एका इमारतीत फेब्रुवारीत खोली रिकामी झाली. गावाच्या मध्यात, लायब्ररीजवळ. मी अण्णांना घेऊन गेलो. विमानतळाबाहेर पडल्यावर गारठ्याने नाक आतून कडक झालं, डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी कोटाच्या गुंड्या लावल्या आणि माझ्या पुढे चालू लागले.

खोली लहान होती. एक खाट, एक टेबल, एका माणसापुरतं स्वयंपाकघर, खाली रस्ता. दोन दिवस मी कामच करत होतो. न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेतले, मायक्रोवेव्ह लावला, डाळ-तांदूळ डब्यांत भरले, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली. डाळ कशी दिसते हे त्यांना माहीत होतं, पण हाताला काम होतं. बायकोचे फोन येत होते. बटण घातलंय का. घातलं होतं.

निघायच्या दिवशी दुपारी माझं विमान होतं. मी खिडकीच्या फटीत कापूस भरत होतो. अण्णांनी बंडी घातली, स्वेटर घातला, कोट घातला. बुटांना पट्टे लावायला खाटेवर बसले. मी लावू का, असं विचारणार होतो, तोवर लावून झाले.

"तू किती वाजता निघणार?" त्यांनी विचारलं.

"आहे अजून वेळ. का?"

"मग मी निघतो. दार नुसतं ओढून घे, आपोआप लागतं."

मला वाटलं होतं, ते मला खाली गाडीपर्यंत सोडायला येतील. काहीतरी बोलणं होईल. मी तशी थोडी तयारीही केली होती. त्यांनी टोपी घातली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, अर्धवट थोपटल्यासारखं केलं आणि म्हणाले, "तिथं फार एसीत बसू नकोस." आणि गेले. लिफ्टचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. खाली ते रस्त्याकडेच्या बर्फावरून जपून, पाय आपटत चालले होते. कोपऱ्यावर थांबले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडला.

मी उरलेला कापूस भरला. एवढ्यात दारावर थाप पडली. काका होते. हातात डबा, गळ्यात मफलर, चेहऱ्यावर समाचाराला आल्याचा भाव. मागे जिन्यात काकू, त्यांच्या हातात दुसरा डबा.

"कुठं आहेत अण्णा?" काकांनी हलक्या आवाजात विचारलं आणि न्हाणीघराकडे पाहिलं. "फार त्रास करून घेतलाय का?"

"बाहेर गेलेत."

"बाहेर? या थंडीत? कोणाबरोबर?"

"एकटेच."

"अहो, पण कुठं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मला सांगून नाही गेले."

काका खाटेवर बसले. काकूंनी डबे ओट्यावर ठेवले, फ्रिज उघडून पाहिला, बंद केला.  मग काकू म्हणाल्या, "तुमचं तरी जेवण झालंय का?"

नव्हतं झालं. मी बसलो आणि अण्णांसाठी आणलेली पोळी-भाजी जेवलो.